गीरमध्ये "रात्री शंभर टक्के सिंह": जावं की नाही?

मृदगंध (३ नोव्हेंबर, २१:१२)

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गीरला जातोय. आम्ही दोघं, सासू-सासरे आणि नऊ वर्षांचा लेक. सासणच्या जंगलात जिप्सीने फिरायच्या दोन फेऱ्यांच्या परवानग्या हातात आहेत, एक पहाटेची आणि एक दुपारची. इथवर सगळं ठीक.

आज मुक्कामाच्या ठिकाणी जेवणाचं विचारायला फोन केला, तर पलीकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, जंगलात सिंह दिसला नाही तर काळजी करू नका. रात्री आमच्या ओळखीच्या वाडीत दाखवतो. शंभर टक्के. अगदी जवळून." माणशी पैसे वेगळे, आणि "हे फोनवर कुणाला बोलू नका." या शेवटच्या वाक्यावर माझ्या पोटात गोळा आला. नवऱ्याचं म्हणणं, आईबाबा पुन्हा कधी येणार एवढ्या लांब, दिसतोय तर बघून घेऊ.

दुसरा प्रश्न. मागच्या वर्षी विदर्भातल्या एका जंगलात आमच्या जिप्सीवाल्याने वाघिणीच्या इतक्या जवळ गाडी घातली की ती वाट बदलून निघून गेली. आम्ही गप्प बसलो, फोटोही काढले. तेव्हापासून ते मनात आहे. सिंहाच्या बाबतीत किती जवळ म्हणजे फार जवळ? कसं ओळखायचं?

आजीचा_बटवा (३ नोव्हेंबर, २१:२०)

"गड आला पण सिंह गेला" हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढच्या दहा जणांचे कष्ट वाचतील.

जंगलजोगी (३ नोव्हेंबर, २१:४८)

ताई, जाऊ नका. विषय संपला.

तरी थोडं सविस्तर. वाडी म्हणजे शेत. तिथे रात्री सिंह "शंभर टक्के" कसा येतो? कोंबडी दोरीला बांधून नाचवतात, नाहीतर म्हातारं ढोर खुंट्याला बांधतात. गाडीचे दिवे नाहीतर टॉर्च मारतात आणि तुमच्यासारखे आठ-दहा जण मोबाइल धरून उभे राहतात. तिकडे याला 'लायन शो' म्हणतात. एकदा सिंहाला कळलं की माणूस आणि टॉर्च म्हणजे फुकटचं जेवण, की तो उद्या त्याच वाडीत राखणीला झोपलेल्या मजुराजवळही तसाच जातो. तुम्ही तोवर पुण्याला पोचलेल्या असता.

कायद्याचं_बोला (३ नोव्हेंबर, २२:३०)

जोगीबुवांना पुरवणी. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाची व्याख्या वाचा. त्यात नुसतं मारणं नाही. पकडणं, सापळा लावणं, हाकारणं आणि आमिष दाखवणं हेही शिकारीतच मोडतं, आणि तसा प्रयत्न करणंसुद्धा. सिंह पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वात जास्त संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. शिक्षा किमान तीन वर्षं, कमाल सात वर्षं. २०१८ मध्ये कोंबडीवाल्या शोचा व्हिडिओ पसरला होता. त्या प्रकरणात २०२१ साली तिथल्या न्यायालयाने तीन-तीन वर्षांच्या शिक्षा सुनावल्या. शिक्षा झालेल्यांत नुसते बघायला गेलेले पर्यटकही होते. तेव्हा "आम्ही काय, फक्त बघत होतो" हे चालत नाही. मिस्टरांना हा प्रतिसाद दाखवा.

मृदगंध (३ नोव्हेंबर, २२:४१)

दाखवला. सध्या ते पंख्याकडे बघतायत.

उंटावरचा_शहाणा (४ नोव्हेंबर, ०८:०५)

सगळे एका सुरात गातायत म्हणून मी जरा बेसूर होतो. जिप्सीने रोज तीन वेळा जंगलात घुसायचं, डिझेलचा धूर सोडायचा, त्याला म्हणायचं 'इको टुरिझम'. आणि गरीब शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात दोन पैसे कमावले की तो गुन्हेगार? सिंह त्याचं ढोर खातो तेव्हा तुमच्यातलं कोण जातं तिथे?

(जिप्सी पेट्रोलवर चालते हे माहीत आहे, कुणी सांगू नका.)

काठेवाडी_चाकरमानी (४ नोव्हेंबर, १०:१७)

शहाणे, मी जातो तिथे. म्हणजे राहतोच. मूळचा साताऱ्याचा, नोकरीपायी सात वर्षं अमरेली जिल्ह्यातल्या राजुल्याच्या बाजूला. तुमच्या प्रश्नात दम आहे, उत्तर मात्र तुम्हाला वाटतं ते नाही.

आधी एक गोष्ट समजून घ्या. सिंह आता 'गीरमध्ये' राहत नाही. म्हणजे राहतो, पण मावत नाही. २०१५ च्या गणनेत ५२३ होते, २०२० मध्ये ६७४, आणि २०२५ च्या मे महिन्यात ८९१. त्यातले निम्म्याहून जास्त संरक्षित जंगलाच्या बाहेर आहेत: अमरेली, भावनगर, समुद्रकाठची गावं, नदीची पात्रं, गावाबाहेरचं पडीक रान. मी रात्रपाळीहून येताना दोनदा रस्त्यात बसलेली सिंहीण पाहिली आहे. दिवे मंद करायचे, गाडी थांबवायची, ती उठेपर्यंत थांबायचं. एकदा पंचवीस मिनिटं थांबलो. साहेबांना उशिराचं कारण सांगितलं तर म्हणाले, "बरं." इथे ते कारण चालतं.

आता शेतकऱ्याचं. बरेच शेतकरी सिंहाला धरून असतात, कारण नीलगाय आणि रानडुक्कर भुईमुगाची वाट लावतात आणि सिंहाच्या वासानेही ती लांब राहतात. ढोर मारलं तर सरकारी भरपाई मिळते. ती वेळेवर मिळते का, पुरेशी असते का, यावर चहाच्या टपरीवर तासभर भांडण होऊ शकतं. पण शो करणारा क्वचितच तो शेतकरी असतो. मधला माणूस पैसे घेतो. शेतकऱ्याला मिळतो धीट झालेला सिंह.

धीट सिंह गावात शिरला की लोक काठ्या घेऊन धावतात, तो पळतो, अंधारात उघड्या विहिरीत पडतो. इथे अशा विहिरींना कठडे बांधायचं मोठं काम झालं, तरी सगळ्या झालेल्या नाहीत. पिपावाव बंदराच्या रेल्वेमार्गावरही सिंह मेलेत.

जंगलजोगी (४ नोव्हेंबर, १०:४०)

वा चाकरमानी. वाखु (वाचनखूण) साठवली.

स्वल्पविराम (४ नोव्हेंबर, ११:०२)

अवांतर: गीरमध्ये सिंहाला 'सावज' म्हणतात हे खरं आहे का? आपल्याकडे सावज म्हणजे ज्याची शिकार होते ते! म्हणजे गुजराती माणूस "सावज आलं" म्हणून पळणार आणि मराठी माणूस "सावज आलं" म्हणून पुढे जाणार.

काठेवाडी_चाकरमानी (४ नोव्हेंबर, ११:३०)

शंभर टक्के खरं. पहिल्या महिन्यात मला कामगार म्हणाला, "साहेब, गेटपासे सावज बेठो छे." मला वाटलं ससा-बिसा असेल, बघायला निघालो होतो. भरघोस आयाळीच्या नराला 'डालामथ्थो' म्हणतात. डालं म्हणजे मोठी टोपली, टोपलीएवढं डोकं असलेला.

पोथीनिष्ठ (४ नोव्हेंबर, १२:१५)

दोन्ही सावजं एकाच घरची. मूळ संस्कृत 'श्वापद'. आपल्याकडे रानातल्या जनावरावरून शिकारीच्या जनावरावर अर्थ घसरला, तिकडे तो चढत चढत राजापर्यंत गेला.

आजीचा_बटवा (४ नोव्हेंबर, १२:१९)

आमच्या घरी सावज म्हणजे जावई.

नैरोबीकर (४ नोव्हेंबर, १५:५५)

मृदगंध, तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहितो, तो बाजूला पडलाय. मी बारा वर्षं केनियात आहे. मसाई मारात किती वेळा गेलो ते मोजणं सोडलं. भारतातून कुणी पाहुणा आला की मारा, हे ठरलेलं.

मारात नियम असा की एका प्राण्यापाशी एका वेळी पाचच गाड्या. बाकीच्यांनी लांब थांबायचं, आणि रांग असेल तर दहा मिनिटांत जागा सोडायची. रस्ता सोडून गवतात गाडी घालायची नाही. कागदावर. ऑगस्टमध्ये वाइल्डबीस्ट नदी ओलांडायला लागले की एकेका काठावर चाळीस गाड्या मी मोजल्या आहेत. उलट आजूबाजूला मसाई लोकांच्या जमिनी एकत्र करून केलेली 'कन्झर्व्हन्सी' असतात. तिथे खाटांची संख्याच मर्यादित, त्यामुळे गाड्या कमी आणि भाडं थेट जमीनमालकाला. महाग पडतं, पण सिंहापाशी तुम्ही आणि अजून एक गाडी, एवढंच.

गर्दीचं नुकसान सिंहापेक्षा चित्त्यात आधी दिसतं. २०१८ च्या एका अभ्यासात मारातल्या चित्त्यांच्या माद्यांची तुलना केली होती. कमी पर्यटनाच्या भागात मादी एका वेतामागे सरासरी २.३ पिल्लं मोठी करू शकली, जास्त गर्दीच्या भागात ०.२. म्हणजे पाच वेतांमागे एक पिल्लू. चित्ता दिवसा शिकार करतो. गाड्यांच्या गराड्यात त्याची शिकार हुकते, आणि साधली तरी गर्दी बघून तरस येतं. सिंह बराचसा रात्रीचा, दिवसातले अठरा-वीस तास लोळणारा, म्हणून तो 'सहन' करताना दिसतो.

ओळखायचं कसं? मीटरमध्ये विचार करू नका. सिंह बघा. आडवा पडलाय, डोळे अर्धे मिटलेत, शेपटीने माश्या हाकलतोय: तुम्ही त्याच्या खिजगणतीत नाही. उत्तम. डोकं उचलून तुमच्याकडेच टक लावली: इथून पुढे नको. उठून बसला, नाहीतर जागा बदलली: तुम्ही फार जवळ आलात, मागे व्हा. कान मागे, शेपटी झटके देत वरखाली, खोल गुरगुर: मागे व्हायची वेळ केव्हाच गेली. आणि सिंहिणीबरोबर अगदी लहान पिल्लं असतील तर सगळी गणितं दुप्पट. पहिले सहा-आठ आठवडे ती त्यांना कळपापासूनही लपवून ठेवते. तिला लपायची जागा बदलायला लावणं म्हणजे तरसासमोर ताट वाढून ठेवणं.

शंकासुर (४ नोव्हेंबर, १६:२०)

उघड्या जिप्सीत सिंह उडी का मारत नाही?

नैरोबीकर (४ नोव्हेंबर, १६:४४)

गाडी आणि आतली माणसं त्याला मिळून एकच मोठी, दुर्गंधी, न खाता येणारी वस्तू वाटते. तुम्ही उभे राहिलात, हात बाहेर काढलात, उतरलात, की त्या वस्तूतून एक माणूस वेगळा होतो. म्हणून उभं राहायचं नाही.

शंकासुर (४ नोव्हेंबर, १६:४६)

दुर्गंधी आमच्या मेहुण्यामुळे असेल.

सागरगोटा (५ नोव्हेंबर, २३:१०)

हे लिहू की नको असा विचार दोन दिवस करतेय. २०१४ मध्ये दक्षिण आफ्रिकेला गेलो होतो, नवऱ्याच्या ऑफिसचा ग्रुप. सहलीत एका जागी 'छाव्यांसोबत खेळा' असं होतं. मी दोन महिन्यांचं पिल्लू मांडीवर घेऊन बाटलीने दूध पाजलं. सांगितलं होतं की आईने टाकलेलं आहे, मोठं झालं की जंगलात सोडणार. तो फोटो कितीतरी वर्षं माझा प्रोफाइल फोटो होता.

नंतर वाचलं की पिल्लं आईपासून मुद्दाम काढतात, म्हणजे ती पुन्हा लवकर विते. माणसाच्या हातावर वाढलेला सिंह जंगलात सोडता येतच नाही. मोठा झाला की यातले बरेच कुंपणातल्या शिकारीला जातात. पैसेवाला येतो, पळायला जागा नसलेल्या सिंहाला गोळी घालतो. हाडं आशियात विकली जातात. माझं पिल्लू बहुतेक २०१९-२० पर्यंत 'तयार' झालं असेल.

मृदगंध, तुमच्या पोटात आधीच गोळा आला. मला पाच वर्षांनी आला.

जंगलजोगी (५ नोव्हेंबर, २३:३२)

सागरगोटा, लिहिलंत ते चांगलं केलंत.

उंटावरचा_शहाणा (६ नोव्हेंबर, ०७:५०)

मान्य. वाडीवरचा मुद्दा मी मागे घेतो. पण जिप्सीवरचा नाही! ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडल्यात काय झालं? एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे मधे, दोन्ही बाजूंनी जिप्स्या. सगळे परवानगीवाले, सगळ्यांबरोबर गाइड. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. म्हणजे कायदेशीर गर्दी ही पण गर्दीच.

जंगलजोगी (६ नोव्हेंबर, ०९:१५)

इथे मात्र शहाणे बरोबर आहेत. ड्रायव्हर-गाइडवर कारवाई होते, व्हायलाच हवी. पण गाडी पुढे का जाते? मागून कुणीतरी म्हणतं, "भाऊ, थोडी पुढे घ्या ना, झाड मधे येतंय." आणि शेवटी दोनशेची टीप वाघ जवळून दिसला तरच देतं. मी वीस वर्षांपूर्वी हेच करायचो. आता चढतानाच सांगतो: दिसला नाही तरी टीप मिळणार, आणि गाडी लांब ठेवलीस तर जास्त मिळणार. एकदा गाइडने माझ्याकडे असं बघितलं की जणू मला ताप आलाय. पण दिवसभर निवांत फिरवलं.

मृदगंध (६ नोव्हेंबर, ०९:४०)

हे करून बघते. आणि देवळियाचं काय? सासूबाईंच्या गुडघ्यांना उघड्या जिप्सीचे धक्के जमतील का, शंका आहे.

काठेवाडी_चाकरमानी (६ नोव्हेंबर, १३:०५)

देवळिया म्हणजे कुंपण घातलेलं साधारण चार चौरस किलोमीटरचं जंगल. बस फिरते, सिंह बहुधा दिसतोच. बुधवारी बंद. पावसाळ्यात १६ जून ते १५ ऑक्टोबर मुख्य जंगल बंद असतं तेव्हाही ते चालू असतं. काही लोक नाक मुरडतात. मी म्हणेन, ज्यांना काहीही करून सिंह बघायचाच आहे त्यांनी वाडीत जाण्यापेक्षा इथे जावं. कायदेशीर आहे, गुडघ्यांना सोपं आहे.

आणि जंगलात फक्त सिंह शोधू नका. कमलेश्वर धरणावर मगरी, साग आणि पळसाचं रान, मालधाऱ्यांचे (गुरं पाळणाऱ्यांचे) नेस, म्हणजे वस्त्या, म्हशी घेऊन जाणारी पोरं. सिंहाच्या रानात तो पोरगा नुसती काठी घेऊन चालतो, ते बघितलं की आपण जिप्सीत बसून घाबरतोय याची लाज वाटते.

बोरिवली_लोकल (६ नोव्हेंबर, १३:३०)

एवढ्या लांब कशाला, आमच्या राष्ट्रीय उद्यानात या. २०२२ मध्ये जुनागढच्या सक्करबाग प्राणिसंग्रहालयातून सिंहाची जोडी आणली, बदल्यात आपण वाघ दिले. बस, सिंह, वडापाव, अर्ध्या दिवसात घरी.

पोथीनिष्ठ (६ नोव्हेंबर, १३:४४)

शीर्षक परत वाचा, लोकलशेठ. वनात राहणाऱ्या सिंहाचा धागा आहे.

स्वल्पविराम (६ नोव्हेंबर, १८:२२)

सगळे सिंह एकाच भागात, हे धोक्याचं नाही का? साथ आली तर?

जंगलजोगी (६ नोव्हेंबर, १९:०१)

आली होती. २०१८, गीरमधली दलखाणिया रेंज, कॅनाइन डिस्टेंपर. काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह गेले. हा विषाणू मुळात कुत्र्यांचा. गावाजवळच्या उकिरड्यावर, टाकलेल्या ढोरावर कुत्रा आणि सिंह एकत्र आले की तो पसरायला वाट मिळते. (बांधलेल्या आमिषाचंही तेच, हे कुणी सांगायला नको.) सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच काही सिंह मध्य प्रदेशात कुनोला हलवायला सांगितलं होतं. कुनोत २०२२ मध्ये नामिबियाचे चित्ते आले. सिंह अजून वाट बघतायत. गुजरातने पोरबंदरजवळच्या बरड्याच्या डोंगरात दुसरं घर तयार केलंय. पण सौराष्ट्र ते सौराष्ट्रच. यावर वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला.

आजीचा_बटवा (७ नोव्हेंबर, ०६:५८)

जोगीबुवा भांडायला येणार म्हणजे पहिल्याच दिवशी शंभर प्रतिसाद.

मृदगंध (३० डिसेंबर, २२:०५)

धागा वर काढतेय, कारण "जाऊन आल्यावर लिहा" असं तिघांनी व्यक्तिगत निरोपात बजावलं होतं.

पहाटेच्या फेरीत एकही सिंह नाही. थंडी अशी की लेकाने आजीची शाल पळवली. चितळांचे कळप, एक सांबर, झाडाच्या ढोलीत ठिपकेवाला पिंगळा, ओल्या वाटेवर ताजे ठसे. गाइड पोराला खाली वाकून दाखवत होता, नखं उमटलेली नाहीत म्हणजे कुत्रा नव्हे. लेक त्यावरच खूश. सासरेबुवा म्हणाले, "सिंहाची पावती मिळाली."

दुपारच्या फेरीआधी जोगीबुवांचा मंत्र म्हटला. ड्रायव्हर हसला, काही बोलला नाही. साडेचारच्या सुमारास करवंदीच्या जाळीखाली एक सिंहीण आणि दोन जवळजवळ वाढलेले छावे. दोन गाड्या आधीपासून होत्या, आम्ही तिसरे. बरंच लांब. अर्धी सिंहीण फांद्यांत. नवऱ्याने तोंड उघडलं, मी त्याच्या पायावर पाय दिला. मग एका छाव्याने डोकं उचलून थेट आमच्याकडे बघितलं. लेक पुटपुटला, "आई, इथून पुढे नको." (नैरोबीकर, त्याने तुमचा प्रतिसाद पाठ केलाय.) ड्रायव्हरने न सांगता गाडी थोडी मागे घेतली. छावा परत आडवा झाला. लेकाच्या घड्याळात एकूण अकरा मिनिटं. फोटोत तिघांचे मिळून चार कान आहेत.

रात्री मालकाने वाडीचं पुन्हा काढलं. नवराच म्हणाला, "नको, तीन वर्षांची रजा नाही मिळणार मला." तो विषय तिथेच संपला. पण पहाटे तीनला मी जागी झाले. लांबून आवाज. आधी वाटलं पाण्याचा पंप. मग तो उतरत्या हुंकारांनी थांबला आणि दुसऱ्या बाजूने दुसरा सुरू झाला. सासूबाई केव्हाच व्हरांड्यात येऊन बसल्या होत्या. आम्ही दोघी खुर्च्या ओढून अर्धा तास बसलो. सासरे आजही म्हणतात की ती एसटी होती.

देवळियाला गेलो नाही. सासूबाई म्हणाल्या, आता कशाला.

नैरोबीकर (३० डिसेंबर, २२:४०)

चार कान! फ्रेम करा. आणि पोराला मारात पाठवा, माझ्याकडे.

कायद्याचं_बोला (३० डिसेंबर, २२:५२)

वनखात्याला त्या मालकाबद्दल कळवलंत का?

मृदगंध (३० डिसेंबर, २३:०६)

निघाल्यावर, जुनागढ स्टेशनवरून फोन केला. त्यांनी ठिकाण आणि तारीख लिहून घेतली. नवरा म्हणत होता, कशाला आपण मधे पडायचं. मग स्वतःच नंबर शोधून दिला.

उंटावरचा_शहाणा (३१ डिसेंबर, ०८:११)

ते सगळं राहू द्या. जेवण कसं होतं?

मृदगंध (३१ डिसेंबर, ०८:३०)

बाजरीचा रोटला, लोण्याचा गोळा, वांग्याचं भरीत, लसणाची चटणी. सासऱ्यांनी चार रोटले खाल्ले. एसटीचं गुपित तेच असावं.